आईने मागितलेला घोट

भूतबित, चमत्कार... मी या भानगडीत कधी पडलो नाही. वरवट बकालला आरओ मशीन बसवतो. आमच्या पट्ट्यात विहिरी खाऱ्या, त्यामुळे पाण्याचा चमत्कार म्हणाल तर तो मीच विकतो! तरी हे लिहितोय, कारण सांगावं कोणाला तेच कळत नाही.

आईचं माहेर सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथला नाला भर मे महिन्यातही वाहतो आणि पाणी गोड. गेल्या उन्हाळ्यात आईच्या किडन्या निकामी झाल्या. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. तिचा एकच हट्ट — "तुह्या मशीनच्या पान्याले चव नाही रे बाबू. मले माह्या नाल्याचं पाज... एक घोट."

एवढंच ना? सकाळीच मोटरसायकल काढली. नाल्यावर कॅन भरला, झाकण घट्ट लावलं, मागे बांधला. घरी येऊन उघडला तर आतून कोरडा ठाक! फुटका असेल म्हणून आमचं पाणी भरून पाहिलं, तर एक थेंब गळेना.

दुसऱ्या खेपेला मामा कॅन मांडीवर घेऊन मागे बसले. सोनाळा मागे पडलं आणि ते ओरडले, "थांब बे! हलका काऊन लागून राह्यला?" झाकण तसंच बंद, आत काही नाही. मामांची पँटसुद्धा कोरडी. सत्तरीचा माणूस रस्त्याच्या कडेला बसून रडला.

आईला खरं ते सांगितलं. ती रागावली नाही. "माय गेल्यावर मी तरी कुठं गेली त्याच्याकडं? रुसला असन," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

मग तिलाच तिकडे न्यायचं ठरवलं. सकाळी भाड्याची गाडी दारात आली, तेव्हा आई गेली होती.

आंघोळीच्या तयारीसाठी बायको अंगणात गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. रिकामा टाकलेला कॅन गळ्यापर्यंत भरलेला! थंडगार. तळाशी नाल्याची बारीक वाळू. चाखलं — गोड. कोणी भरला म्हणून घरात सगळ्यांना शपथा घालून विचारलं, तर कोणीच कॅनला हात लावला नव्हता.

त्याच पाण्याने आईला शेवटची आंघोळ घातली. मामांनी थोडं तिच्या ओठांवर सोडलं, ते गालावरून ओघळून गेलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. पण द्यायचंच होतं, तर ती मागत होती तेव्हा द्यायचं ना... एक घोट तर होता.