बोट अडलं ती जागा

सळ्या बांधणाऱ्या टोळीची मुकादम म्हणजे आमची अक्का. साइटवर सगळे तिला वचकून असतात, आणि असावंच. शिकली चार बुकं, पण नकाशा असा वाचते की शिकलेल्यांनी कान धरावेत.

काँक्रीट ओतण्याआधी ती सळ्यांच्या फटीत बोट घालते. बोट गेलं तर खडी जाईल, नाहीतर आत पोकळी राहून खांब कच्चा. वीस वर्षं ती हे सांगत आली. साहेब म्हणायचे, "बघू." बघतंय कोण! तिचं म्हणणं कागदावर कधी चढलंच नाही.

यंदा कंपनीनं नकाशे क्लाउडवर नेले. साइट असो की ऑफिस, सगळ्यांच्या फोनवर एकच नकाशा, आणि त्यावर कुणीही फोटो लावून शेरा लिहावा.

त्या सकाळी चौथ्या मजल्यावर, खांबाच्या माथ्याशी अक्काचं बोट अडलं. काँक्रीटची गाडी दुपारी येणार होती.

"अक्का, आता खोडा घालू नका," इंजिनीअर म्हणाला.

"खोडा मी घातला का सळ्यांनी? तुझं बोट बारीक आहे, बाळा. तू बघ घालून."

त्याचंही गेलं नाही. अक्कानं अडलेल्या बोटाचा फोटो नकाशावर लावला आणि खाली लिहिलं, 'खडी जाणार नाही.'

तासाभरात ऑफिसातून नकाशावाल्या बाईंचं उत्तर आलं, 'बरोबर. काम थांबवा, मांडणी बदलते.'

अक्कानं ते टोळीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा इंजिनीअरकडून मोठ्यानं वाचून घेतलं.