दगडफुलाचा कातळ

डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारणीने वाटीभर आमटी दिली, तर वाटी परत जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर तरी असते. परदेशात, इथे फ्रिस्कोत आलो तरी आम्ही मराठी बायका हे पाळतो. आमचे स्टीलचे डबे या घरातून त्या घरात गाड्यांमधून फिरत असतात, आणि कुठला कुणाचा ते झाकणावर कोरलेल्या नावावरून कळतं. तिने माझा डबा रिकामा परत केला. घासून, पुसून, दाराबाहेर ठेवून गेली. बेलसुद्धा वाजवली नाही.

ती म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारी माझी मैत्रीण. एकेकाळची. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात, एका आठवड्याला मी दोघींना शाळेत सोडायची, एका आठवड्याला ती. त्या डब्यातून मी तिला माझ्या आईचा गोडा मसाला दिला होता. आईचा म्हणजे आईच्या पद्धतीने मी केलेला. आई गेली तेव्हा माझी मुलगी जेमतेम चालायला लागली होती. आजी तिला आठवतच नाही. आईचं असं माझ्याकडे या मसाल्याशिवाय फार काही उरलेलं नाही, आणि मुलीला द्यायचं तर तेवढंच आहे.

डब्यातला मसाला संपल्यावर तिने लाडीगोडी लावली. "शिकव ना गं, घरच्यापुरता करीन." मी मसाला गॅरेजमध्ये भाजते. घरात भाजला तर स्मोक अलार्म केकाटतो आणि कपाटातल्या कोटांना महिनाभर खोबऱ्याचा वास येतो. तर गॅरेजचं दार अर्धं वर करून मी धणे, तीळ, खोबरं, दालचिनी एकेक करून भाजत होते आणि ती फोन धरून उभी होती. म्हणाली, "नुसतं माझ्यासाठी शूट करतेय." मी तिला वर चहा आणि चिवडा दिला. त्यानंतर काही दिवसांनी तो रिकामा डबा दाराबाहेर आला.

दिवाळीला मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असतो. गेल्या दिवाळीला दागिन्यांच्या आणि इन्शुरन्सवाल्याच्या टेबलांच्या मधे एक नवं टेबल होतं. त्यावर पाकिटांची चळत, पाकिटावर 'आजीचा गोडा मसाला' आणि नऊवारीतल्या एका म्हातारीचा फोटो. कुणाची आजी, देव जाणे. माझ्या या मैत्रिणीचं माहेर नागपूरचं, आणि "आमच्याकडे गोडा मसाला कधी कुणी पाहिलाही नाही," हे हिनेच मला गॅरेजमध्ये सांगितलं होतं. मी पाकीट फोडून हुंगलं. आईच आली समोर. तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा माझ्या आईचा आहे," मी म्हणाले.

"अगं, रेसिपी काय कुणाच्या मालकीची असते का यार?" ती हसली. "चिल कर. तुला डिस्काउंट देते."

नवरा म्हणाला, सोडून दे. माझ्या नवऱ्याला सगळंच सोडून देता येतं. मला येत नाही, आणि यावं असं वाटतही नाही. पण मी तिच्याशी बोलणं तोडलं नाही. बोलणं तोडलं की सूड घ्यायला जागा उरत नाही.

मार्ग दाखवला माझ्या मुलीने, अर्थात नकळत. तिला शाळेत धडा होता, युरोपातले लोक जहाजं घेऊन बाहेर का पडले याचा. जेवता जेवता मला सांगायला लागली. देवधर्म पसरवायचा होता, सोनं हवं होतं, नाव कमवायचं होतं. "बट मेनली ब्लॅक पेपर, आई. आणि सिनॅमन." मिरी त्यांना मिळत नव्हती असं नाही. मिळत होती, पण अरब व्यापाऱ्यांच्या हातून, मग इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या हातून, आणि प्रत्येक हाताला किंमत वाढायची. मधल्या लोकांना टाळून थेट झाडापर्यंत पोचायचं होतं त्यांना.

"आणि झाडापाशी राहणारे? त्यांना कुणी विचारलं?" मी म्हटलं.

तिने खांदे उडवले. तो प्रश्न टेस्टमध्ये नव्हता. मग तिने मला दालचिनीची गोष्ट सांगितली. ती कुठून येते ते कळू नये म्हणून व्यापारी थापा मारायचे. म्हणे मोठाले पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी उंच कड्यावर बांधतात. खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवायचे, पक्षी ते घरट्यात नेतात, वजनाने घरटं कोसळतं, मग काड्या वेचायच्या. आणि लोकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या खरं मानलं. मुलगी हसत होती. मी हसले नाही. त्या थापाड्यांबद्दल मला एकदम माया वाटली.

थोड्याच दिवसांत मैत्रिणीचा फोन आला. मी त्याची वाटच पाहत होते, कारण तिच्या मसाल्याची आमटी मी करून पाहिली होती. वास आईचा, पण दाताखाली कचकच. याचं कारण मला ठाऊक होतं. मसाल्यातलं दगडफूल दगडावर वाढतं, त्याच्या घड्यांमध्ये माती आणि बारीक खडे असतात. आई अख्खी दुपार सूप मांडीवर घेऊन ते निवडायची, झटकायची, आणि मग चमचाभर तेलात तळायची. तिचं सगळं कसब त्यात होतं. ही शूटिंगला आली त्याच्या आदल्या दिवशीच मी ते निवडून, तळून ठेवलं होतं. हिच्या फोनमध्ये ते कसं येणार?

"कस्टमर्स कंप्लेंट करतायत गं," ती म्हणाली. "तुझ्यात कचकच कशी नसते?"

मी ओट्याला टेकले. मुलगी समोर गृहपाठ करत होती. मी सांगितलं की इथल्या पाकिटातलं दगडफूल चालतच नाही. रत्नागिरीच्या खाली समुद्रावर वाकलेला एक काळा कातळ आहे, खारा वारा लागल्यामुळे तिथलं दगडफूल स्वच्छ आणि कुरकुरीत असतं. फक्त थंडीत उतरवतात. माझी आई दरवर्षी स्वतः जायची, कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायची. बोलता बोलता मला इतकं सुचत गेलं की माझंच मला कौतुक वाटलं.

ती म्हणाली, "हे पाकिटावर किती भारी दिसेल!" इथेच ती फसली. ऑफिसात ही बाई दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढते, पण फायदा दिसायला लागल्यावर तिनेही काही तपासलं नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत ती आणि तिच्या घरचे इंडियाला गेले आणि पुण्याहून गाडी करून, सासू-सासऱ्यांना घेऊन, कातळ शोधत कोकणात हिंडले. मला फोटो येत होते. उन्हाने रापलेली ती, खडकावर उभी. घाटात गाडी लागून रस्त्याकडेला बसलेली सासू. सासूबाईंबद्दल मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. शेवटी एका चहाच्या टपरीवर कुणीतरी तिला 'हाच तो कातळ' म्हणून दाखवला आणि दगडफुलाचं पोतं गळ्यात मारलं. ते तिने बॅगांमधून इथे आणलं. नव्या पाकिटावर म्हातारी गेली, समुद्र आणि कडा आला. निवडायचं मात्र तिला अजूनही कुणी सांगितलं नव्हतं. आता मसाल्यात खडेच खडे होते. एका काकांचा दात दुखावला, त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, आणि मग एकेकाने लिहिलं. गुढीपाडव्याला तिचं टेबल नव्हतं. मी त्या दिवशी श्रीखंड दोनदा वाढून घेतलं.

मे महिन्यात शाळेत पालकांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम होता. कुठलीही एक वस्तू जगात कुठून कुठे गेली, हे मुलांनी सांगायचं होतं. कुणी चहा घेतला, कुणी रेशीम. माझ्या मुलीने दगडफूल घेतलं होतं, त्यासाठी पुठ्ठ्याचा काळा कडा केला होता आणि त्यावरून सुतळीने एक इवलीशी बाई खाली सोडली होती, हिरव्या नऊवारीतली. मला तिने आधी काही दाखवलं नव्हतं, सरप्राइज होतं म्हणे. ती इंग्रजीत बोलत होती, स्पष्ट, न अडखळता. माझी आजी समुद्रावरच्या कड्यावरून दोराने उतरायची. ती खूप शूर होती. मला ती आठवत नाही, पण मी तिच्यासारखी आहे असं मला वाटतं.

पुढच्याच रांगेत माझी ती मैत्रीण बसली होती, लेकीशेजारी. ती मागे वळली, आणि मला अंगठा वर करून मान हलवली. तो कातळ मीही पाहिलाय, असं तिचा चेहरा सांगत होता. मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

माझ्या आईने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला. जिना उतरतानाही ती भिंत धरायची. तिचं जे खरं होतं ते त्या सुपात होतं, आणि ते मी त्या रात्रीच मुलीला सांगू शकले असते. पण या दोन मुली एकमेकींना सगळं सांगतात. आज माझ्या मुलीला कळलं की उद्या सकाळी गाडीत दुसरीला कळणार, आणि संध्याकाळपर्यंत तिची आई दगडफूल निवडायला बसणार. ते मला चालणार नाही.

घरी जाताना मुलीने कडा मांडीवर घेतला होता.

"आई, नेक्स्ट टाइम इंडियाला गेलो की मला आजीचा रॉक दाखवशील?"

"दाखवीन," मी म्हणाले.