माझी जादा कॉइल

हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण या किश्शातला शहाणा मीच आहे!

एकोणीसशे साठ साल लागत होतं, तेव्हाची गोष्ट. यवतमाळात मोटारी मोजक्याच. त्यातली एक माझी, वयानं जवळजवळ माझ्याएवढी. कुठंही रुसायची, पण आपल्याला फिकीर? मागच्या सीटखाली सुट्या भागांची पेटी होती ना! प्लग, पट्टा, तारा आणि नागपूरहून आणलेली कोरी इग्निशन कॉइल. तिच्याशिवाय ठिणगी पडत नाही, अन् ठिणगीशिवाय मोटार म्हणजे लोखंडी खाट.

माझा दोस्त दिनकर. त्याचं लग्न कळंबला, मुहूर्त गोरज. त्याचे मामा म्हणाले, "पोराले बंडीत नेऊ. बैल बंद नाई पडत."

"मामाजी, बंद पडली तरी पाच मिनिटात चालू करतो. पेटी हाय माह्याजोळ!"

मामा पहाटेच सामान घेऊन बंडीनं निघाले. आम्ही दुपारी निघून त्यांना गाठलं, हॉर्न वाजवला आणि त्यांच्यावर धूळ उडवून पुढं गेलो.

कळंब दोन मैलांवर राहिलं आणि गाडी फुरफुरून गप्प. बोनेट उघडून पाहतो, तर कॉइल गेलेली.

"मुहूर्त टळते ना बे!" दिनकर रडकुंडीला आला.

"कायले घाबरतं? घाम पूस अन् पाह्यत राह्य." मी पेटी काढली, कॉइलचं खोकं ऐटीत उघडलं.

आत आपट्याची पानं! वाळलेली!

तेवढ्यात मामांची बंडी पोचली. त्यांनी खोक्यात डोकावलं. "काहून हो, दसऱ्याचं सोनं लग्नात वाटून राह्यले काय?"

दसऱ्याला अवजारांच्या पूजेत मीच कॉइल पाटावर मांडली होती. वाटून उरलेलं सोनं मीच रिकाम्या खोक्यात भरलं होतं.

मग नवरदेव बंडीत, मागं दोरानं बांधलेली मोटार आणि स्टिअरिंगवर मी. अख्खं कळंब रस्त्यावर आलं! मुहूर्त तेवढा साधला.

घरी येऊन बायकोवर डाफरलो, "कॉइल कुठं हाय?"

तिनं देवघराकडं बोट दाखवलं. देवांच्या रांगेत कॉइल, हळदीकुंकवानं माखलेली, डोक्यावर ताजं जास्वंद.

"पेटीत काहून नाई ठेवली?"

"तुमीच तं म्हणलं होतं, हिले हात लावू नोको, हिच्याच भरोशावर आपली गाडी चालते! मी तं रोज फूल वाहून राह्यली. अन् तुमी कळंबले गेलते ना, त्या दिवशी दोन वाह्यले!"