मामेसासऱ्यांचं बॉम्बर पथक

लग्नानंतर पहिल्यांदा सारंगखेड्याला जेवायला गेलो, तेव्हा मामेसासऱ्यांच्या ओसरीवरचा फोटो पाहून मी कौतुकानं म्हणालो, "वा, लढाऊ विमान." आणि माझ्या पुरणपोळीवरचं तूप थिजलं. कारण ते लढाऊ विमान नव्हतं, चार इंजिनांचं जड बॉम्बर होतं. लढाऊ विमानात एकटा माणूस बसतो, बॉम्बरमध्ये अख्खं खटलं बसतं, हा फरक मला पटेपर्यंत बाकीची पंगत हात धुऊन उठली होती. मी नंदुरबारच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. आपल्याला थोडंफार सगळंच कळतं, असा माझा त्या दिवसापर्यंत समज होता.

दुसरं महायुद्ध संपल्याचं साऱ्या जगाला कळलं, आमच्या मामांना मात्र ते अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. त्यांचे वडील त्या युद्धात बंगालमधल्या एका बॉम्बर पथकात इंजिनांचे मेकॅनिक होते. विमानं तिथून ब्रह्मदेशावर जायची. मामांनी स्वतः आयुष्यभर तहसीलात कारकुनी केली, तापीकाठची शेती सांभाळली आणि विमानात कधी पाऊल ठेवलं नाही. पण त्या पथकाचा इतिहास त्यांनी सहा जाड वह्यांमध्ये उतरवून काढला. कुठलं विमान कधी उडालं, कुठलं टायर फुटलं, स्वयंपाक्याला हिवताप कधी आला, सगळं त्यात आहे. जीपमधून लग्नाला निघालो तर सगळ्यांच्या जागाही मामाच ठरवतात. आमच्या सासूबाई कायम शेवटच्या बाकावर, तोंड मागे करून. शेपटीकडचा तोफवाला तिथंच बसतो म्हणे. सासूबाईंचा आवाज लक्षात घेता ही नेमणूक चुकीची आहे, असं म्हणायची माझी छाती नाही.

पथकातला एक नियम त्यांनी घरात जसाच्या तसा लावलाय. मेकॅनिकनं वहीत सही केल्याशिवाय विमान हलायचं नाही, तसं मामांच्या अंगणातून सहीशिवाय वाहन हलत नाही. ब्रेक, हवा, तेल स्वतः बघायचं आणि वहीत सही करायची. एकदा घाईत मी काहीच न बघता सही ठोकली आणि रुबाबात किक मारली. गाडी अंगणातच बंद पडली. पेट्रोल नव्हतं. मामा ओरडले नाहीत. "जावईबापू, सही म्हंजे काय शे, माहीत शे का?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

हे खूळ कशापायी, ते मला फार उशिरा कळलं. मामांच्या वडिलांनी सही करून सोडलेलं एक विमान परत आलंच नव्हतं. का आलं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणातही ते विचारायचे, "मन्हं काय चुकनं?" मामांच्या सहाव्या वहीत त्या विमानाच्या नावाखाली पान कोरं आहे. बाकीचा सगळा इतिहास त्या एका पानासाठी.

गेल्या दिवाळीत मला मोबाइलवर त्या पथकाची इंग्रजी हकीकत सापडली. कुठल्याही शहाण्या माणसानं ती आधी वाचली असती. मी आधी ओसरीवर जाहीर केलं, "मामा, तुमचं विमान सापडलं," आणि मग वाचायला घेतलं. मामा जवळ सरकून बसले. पलीकडे बायको तुरीच्या शेंगा सोलत होती.

"वाचा बरं. काय लिखेल शे?"

दोनच ओळी होत्या. निघाल्यावर थोड्याच वेळात एका इंजिनात बिघाड झाल्याचा निरोप आला, त्यानंतर काही कळलं नाही. वर्गात पोरांनी एक शब्द गाळला तरी मी छडी आपटतो. इथं मी दोन्ही ओळी गाळल्या.

"वाटेत मोठं वादळ लागलं," मी म्हणालो. "विमान ढगात सापडलं. इंजिनं चांगली चालू होती, असंही लिहिलंय." हे शेवटचं माझ्याकडे कुणी मागितलंसुद्धा नव्हतं.

मामांनी माझ्यापुढे चार बोटं धरली. मग विचारलं, "चारी?"

"चारी."

त्यांनी सहावी वही आणली, कोरं पान काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिखा. आन खाले सही करा."

मी लिहिलं. फळ्यावर काढतो त्याहून चांगलं अक्षर काढलं आणि खाली सही केली. मामांनी पानावर हळूच फुंकर मारली, वही मिटली, म्हणाले, "बेस झायं, जावईबापू." आणि तोंड धुवायला म्हणून न्हाणीकडे गेले. बराच वेळ आले नाहीत.

परतताना तापीच्या पुलावर बायको मागच्या सीटवरून माझ्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "मामांना कळलं हं. तुम्ही खोटं बोलताना कानाची पाळी चोळता."

मी दोन्ही हात हँडलवर घट्ट धरले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"मामांनीच. तुम्ही मला बघायला आलात ना, त्या दिवशी. तुम्ही गेल्यावर बाबांना म्हणाले, हाऊ खोटं बोलना का लगेच दिखस. दी टाका पोर."