गाडीला लावलेलं रबर

मार्च १९७४, सुट्टीचा दिवस, सकाळ. हजर: अप्पा म्हणजे माझे वडील, अव्वा म्हणजे आई, समोरच्या घरातले मामा आणि मामी, गल्लीतली गाडीवाली चार पोरं, मी, आणि आपल्या गाडीवर बसलेली माझी धाकटी बहीण. मी तेव्हा तेरा वर्षांची, ती आठची. विषय एकच: गल्लीत बेअरिंगच्या गाड्या चालू द्यायच्या की नाही.

गिरणीच्या वर्कशॉपमधून बाद झालेली बेअरिंग्ज सोलापुरात बऱ्याच घरांत पडलेली असत. एक फळी, मागे दोन बेअरिंग्ज, पुढे एक, वळवायला दोरी, की गाडी तयार. शाळा गल्लीच्या वरच्या टोकाला होती आणि तिथून आमच्या दारापर्यंत फरशीचा उतार. पोरं गाड्या वर न्यायची आणि सुसाट खाली यायची. फरशीवरून लोखंड जाताना जो आवाज होतो, तो दातात शिरतो.

बहिणीचा डावा पाय पोलिओने गेला होता. अव्वा तिला कडेवर शाळेत नेत असे, पण आठव्या वर्षी ते झेपेना. मग अप्पांनी तिच्यासाठी रुंद फळीची गाडी केली, पाठीला टेकण लावलं. ती हातांत जुन्या चपला अडकवायची आणि जमीन मागे ढकलत चढ चढायची. वेळ लागायचा, पण कुणाला हाक मारावी लागत नसे. येताना उतार होता. उतारावर ती त्या चार पोरांसारखीच होती, कधी त्यांच्या पुढेही असायची.

मामांना त्या वर्षी गिरणीत रात्रपाळी होती. सकाळी येऊन ते झोपत, आणि साडेअकराला लहान मुलांची शाळा सुटे.

"माजी झोपच व्हईना झालीया," मामा म्हणाले. "परवा मशीनवर डोळा लागला. सदरा पट्ट्यात गेला. हात गेला असता की."

पोरांतला सगळ्यांत थोरला म्हणाला, "आमी संध्याकाळी चालवतो, मामा. हिची तेवढी चालू द्या."

"आरं, कानाला काय कळतंय कुणाचा पाय कसा हाय ते?" मामा चिडून बोलले नाहीत. बहिणीकडे बघून म्हणाले, "तुजीच सगळ्यात जोरात येती, बाय. डायवर लई पक्की हायेस तू."

ती हसली. तिला ते कौतुकच वाटलं.

बहिणीच्या गाडीवर तोडगा अप्पांनी काढला. सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनी तिन्ही बेअरिंग्जवर घट्ट चढवली आणि तारेने आवळली. दुपारपर्यंत काम झालं. मामी घरातून ऐकत होत्या; काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी शेंगाचटणी आणि भाकरी पाठवली. गल्लीत कुणाचंच मन दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण उतारावर बसून होती. गाडी खाली येईना.

"अक्का, पळंनाच की ही."

रबर जमीन धरून बसत होतं. हातांनी ढकलायलाही तिची ताकद पुरेना. अप्पा म्हणाले, जरा झिजलं की सुटेल. झिजलं ते तिच्या हातातल्या चपलांचं रबर. मग दोरी आम्ही धरली. सकाळी जाताना मी ओढत असे. येताना माझी लांबची शाळा सुरू झालेली असे आणि अव्वा वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, म्हणून ते काम पोरांकडे. त्यांनी बरेच दिवस केलंही. पाऊस सुरू झाल्यावर कधी एक जण, कधी कुणीच नाही.

अशाच एका दिवशी प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणीतरी गेला आहे. अव्वा घरी आली तेव्हा तिला वाटलं पोरगी शेजारी खेळत असेल. मी संध्याकाळी घरी आले, बहीण दिसली नाही, तशीच वर धावले. ती शाळेच्या फाटकापाशी गाडीवर बसली होती. परकर ओला झालेला. शाळेत तोवर मोठ्या मुलांची दुपारची पाळी भरून सुटूनही गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं की ती सांगे, आमची अक्का यायलीय. लघवीला न्यायला सांगायचीही तिला लाज वाटली.

मी तिला ओढत घरी आणली. दारात आल्यावर म्हणाली, "उद्यापासनं मी न्हाय जायची." अप्पांनी रबर काढायला पक्कड घेतली तर तिने फळीवर हात ठेवला. "मामांची झोप मोडंल," म्हणाली. तिसरीतून तिची शाळा सुटली ती सुटली. अव्वाशेजारी बसून तीही विड्या वळायला लागली. मामांचा हात शेवटपर्यंत शाबूत राहिला. त्यांना मी कधी दोष दिला नाही, तिनेही नाही.

वाचायला ती माझ्या पुस्तकांवर शिकली. आता तिचे केस कानशिलांवर पांढरे झाले आहेत आणि तिला दहावीला बाहेरून बसायचं आहे. फॉर्म मी आणला, फोटो काढून झाले, शुल्काचे पैसे तिने स्वतः काढून ठेवले. सही करायच्या आधी तिने एकच गोष्ट विचारून यायला सांगितली: परीक्षेची खोली कितव्या मजल्यावर असते, आणि वर न्यायला कुणी येणार असेल तर तो खाली आणायलाही नक्की येतो का. दोनदा मी परीक्षेच्या कचेरीच्या दारापर्यंत जाऊन आले. आत जाऊन विचारायचं अजून राहिलं आहे.