सहा त्रेपन्नचे चित्रण

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहा वाजून अडतीस मिनिटांनी सुरतेतल्या उधन्यात एका मोटारीने माझ्या वडिलांना धडक दिली. उजवा पाय मांडीत मोडला. वडील लूमवर कारागीर होते. दिवसभर उभे राहण्याचे ते काम पुन्हा जमणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

मोटारवाल्याने जबाब दिला की हा माणूस धावत आडवा आला. विमा कंपनीने भरपाईच्या दाव्यात तेच उत्तर दिले. अपघात पाहिलेला माणूस कोणी मिळाला नाही. वडील ज्या खात्यात कामाला होते (मागाच्या कारखान्याला सुरतेत खाते म्हणतात) त्याच्या फाटकावर कॅमेरा होता. जुने पुसले जाण्याआधी मी ते चित्रण उतरवून घेतले.

ते एक्केचाळीस सेकंदांचे आहे. आवाज नाही. धुके आहे, फाटकाच्या दिव्याभोवती ते पिवळे होते. वडील डावीकडून येतात, हातात डबा. रस्त्याच्या कडेला थांबतात, वाकून चपलेचा अंगठा नीट करतात. मोटार उलट दिशेने येते. त्यानंतर वडील चित्रात नाहीत. डब्याचे झाकण गोल फिरत राहते, सावकाश होते, आडवे पडते. मग नुसते धुके.

घरी आम्ही ते मोबाइलवर पाहत असू. झाकण पडले की आई बोटाने चित्र मागे नेई, आणि धुक्यातून वडील पुन्हा दोन्ही पायांवर चालत येत. एकदा वडिलांनीच आमच्या अहिराणीत विचारले, "तो मीच शे का? इतला वाकीसन चालस मी?"

"चालतसच," आई म्हणाली. "मी रोज मांगतून देखस."

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने चित्रणाच्या कोपऱ्यातली वेळ वाचून दाखवली. सहा त्रेपन्न. मग रुग्णवाहिकेची नोंद वाचली. फोन सहा एक्केचाळीसला.

"म्हणजे बारा मिनिटं आधीच बोलावून ठेवली होती. फार दूरदृष्टीची मंडळी, साहेब."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. हे चित्रण त्या अपघाताचे नाही किंवा त्यात फेरफार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढची तारीख पडली.

मी वर्तमानपत्रात नोकरीला होतो; बातम्यांतल्या तारखा-वेळा तपासणे हे माझे काम होते. सहा त्रेपन्न मी शंभरदा पाहिले होते आणि मला काही खटकले नव्हते. खात्याच्या भिंतीवरचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असते. कारागिरांनी सातच्या पाळीला वेळेत यावे म्हणून ते तसे लावलेले. वडिलांनी घरचे घड्याळही त्याला जुळवले होते. आम्ही भावंडे त्याच वेळेत उठलो, जेवलो, शाळेत कुलूप उघडण्याआधी पोचलो. बाहेरचे शहर आमच्या मागून येत असे. कॅमेरा बसवणाऱ्याने वेळ विचारली तेव्हा कारागिरांवर देखरेख करणाऱ्या मास्टरने भिंतीकडे बोट केले होते.

हे खात्याच्या मालकांनी, शेठनी, लिहून द्यायला हवे होते. ते टाळत होते. सकाळी पाळी भिंतीवरच्या घड्याळाने सुरू होई आणि संध्याकाळी शेठच्या मनगटावरच्या, पुढे नसलेल्या घड्याळाने सुटे. कारागीर त्यावर विनोद करत, पण शेठ नसताना.

वडील कुबडी घेऊन खात्यात गेले. मी सोबत होतो. माग चालू होते; त्या आवाजात बोलणारी तोंडे चित्रणातल्यासारखी मुकी दिसत. शेठनी आम्हाला काचेच्या खोलीत नेले आणि दार लावले.

"भाऊ, बेसो ने. उभे कशाला?"

"उभं ऱ्हायची सवय आहे, शेठ."

"कोर्टात मला विचारतील, घड्याळ पुढे का. मी काय सांगू?"

"का ते लिहू नका. पुढं आहे, तेवढं लिहा."

"आणि विचारलंच तर?"

"तर खरं सांगा. आम्हाला सगळ्यांना माहीतच आहे."

शेठनी काचेतून घड्याळाकडे पाहिले, मग मनगटाकडे. त्यांनी कागद मागवला.

चित्रणासोबत जोडलेल्या प्रमाणपत्रात दोन वाक्ये होती. कॅमेऱ्याची वेळ खात्याच्या घड्याळाप्रमाणे लावलेली आहे. ते घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असते. शेठची साक्ष झाली. घड्याळ पुढे का, हे कंपनीच्या वकिलाने विचारले. शेठनी सांगितले.

न्यायाधिकरणाने चित्रण पुराव्यात घेतले. निकालात नोंद आहे की मोटार उलट दिशेने आली आणि अर्जदार रस्त्याच्या कडेला थांबलेला होता. अपघाताची वेळ सकाळी सहा वाजून अडतीस मिनिटे अशी लिहिली आहे.