अस्संचकाकांचा माईक

त्यांना सगळे अस्संचकाका म्हणत, आणि त्याचं खापर खरं तर एका प्लास्टिकच्या होल्डरवर फुटायला हवं. काका लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत. कॅमेऱ्यावरचा माईक धरणारा तो होल्डर केव्हाच तडकला होता. चिकटपट्टीचे वेढे देऊन काकांनी त्याला जगवलं होतं खरं, पण कार्यक्रम रंगात आला की माईक मान टाकायचा आणि त्याचं तोंड काकांकडे वळायचं. मग नवरा-नवरीचं बोलणं राहायचं बाजूला, आणि ऐकू यायचं ते काकांचं पुटपुटणं: "हां, अस्संच. वा! आता मुलीची आई रडणार... रडल्या. अस्संच."

हे निस्तरायचं काम लेकीकडे. ठकी दुकानामागच्या खोलीत हेडफोन लावून बसायची आणि तांदळातले खडे वेचावेत तसा वडिलांचा आवाज वेचून काढायची.

"बाबा, तोंडाला कुलूप लावा, नाहीतर होल्डर बदला."

"अगं, चालतंय की अजून."

"चालत नाही, लोंबतंय!"

ठकीचं स्वतःचं लग्न ठरलं, तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं, "शूटिंगला दुसरा माणूस बोलावू." हे काकांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांचं जेवणातही लक्ष लागेना. "सगळ्यांच्या लेकी मी पाठवल्या, आणि माझीच पाठवायला परका माणूस?" ठकी विरघळली. पण अट घातलीच. त्यांचा आवाज आला, तर ती जन्मभर बोलून दाखवणार होती.

मग मात्र काका मुकाट्याने बाजारात गेले आणि दुसऱ्याच कंपनीचा धातूचा होल्डर घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर जुन्याचे स्क्रू काढले, एक कपाटाखाली घालवला, तो ठकीच्या आईकडून झाडूने काढून घेतला, वर तिलाच "हळू" म्हणाले. नवीन होल्डर त्याच भोकांवर चपखल बसला. रबराच्या कड्यांत माईक ऐटीत ताठ उभा. काकांनी कॅमेरा गदागदा हलवला.

"आता भूकंप झाला तरी हा मान टाकणार नाही."

"तो नाही टाकणार," आई म्हणाली. "तुमचं काय?"

लग्न थाटात पार पडलं. चार दिवसांनी ठकी नवऱ्यासोबत माहेरी आली आणि आल्या आल्या एडिटिंगला बसली. आवाज इतका स्वच्छ, की लग्नाच्या नोंदणीची सही करताना नवऱ्याने गिळलेला आवंढासुद्धा ऐकू येत होता. ती खूश झाली. मग निघायची वेळ आली. आईने मारलेली मिठी, मावशीचे हुंदके, गाडीचं दार. ठकीने आवाज वाढवला. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आणखी वाढवला. काका कुठेच नव्हते.

तेव्हा कुठे तिचं चित्राकडे लक्ष गेलं. लग्नाच्या गर्दीतही ज्या माणसाचा हात कधी हलला नाही, त्याचं चित्र थरथरत होतं. तिचा चेहरा नीट दिसेना. मग कॅमेरा खालीच वळला, आणि नुसते काकांचे बूट दिसत राहिले, बराच वेळ.

"हा भाग कापायचा ना?" मागून नवऱ्याने विचारलं.

ठकीने हेडफोन काढला आणि ती तडक दुकानात गेली. काका गिऱ्हाइकाशी बोलत होते. तिने त्यांचा शर्ट धरला.

"बाबा," ती म्हणाली, "काहीतरी बोलायचंत ना हो."